दुर्मिळ आजारांचा कैवार : एका कुटुंबाच्या गरजेतून उभे राहणारे काम

गावात कोणाला मधुमेह निघाला, तर सल्ला देणारे दहा जण शेजारीच भेटतात. गॉशर किंवा पॉम्पे अशा नावाचा आजार निघाला, तर ते नाव पूर्वी ऐकलेला माणूसही सापडत नाही. डॉक्टरांपैकीही अनेकांनी असा रुग्ण केवळ पाठ्यपुस्तकात पाहिलेला असतो. औषधाच्या दुकानात त्याचे औषध नसते, विम्याच्या पुस्तिकेत त्याचे नाव नसते आणि सरकारी अर्जात त्यासाठी रकाना नसतो. अशा वेळी कुटुंबातीलच कोणी तरी उठून कागद गोळा करू लागतो, पत्रे लिहू लागतो, आपल्यासारखे दुसरे कोणी आहे काय याचा शोध घेऊ लागतो. दुर्मिळ आजारांचा कैवारी घडतो तो बहुधा असाच.

‘कैवार घेणे’ हा मराठीतला जुना वाक्प्रचार आहे. दुबळ्याची बाजू घेऊन त्याच्यासाठी उभे राहणे, असा त्याचा अर्थ. इंग्रजीत ज्याला ‘पेशंट अ‍ॅडव्होकेट’ म्हणतात, त्याला वकिलीची सनद लागत नाही आणि वैद्यकाची पदवीही लागत नाही. हे काम नेमके काय असते, ते कोठून सुरू करावे, कोणते कायदे व योजना ठाऊक असाव्यात आणि कोणती पथ्ये पाळावीत, याची माहिती येथे संकलित केली आहे.

दुर्मिळ म्हणजे किती?

दुर्मिळ आजाराची जगभर मान्य अशी एकच व्याख्या नाही. अमेरिकेत ज्या आजाराचे रुग्ण दोन लाखांपेक्षा कमी तो दुर्मिळ, युरोपीय संघात दहा हजारांमागे पाचांपेक्षा अधिक रुग्ण नसतील तो दुर्मिळ, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापानुसार दर हजारी एक किंवा त्याहून कमी रुग्ण असलेला आजार दुर्मिळ मानला जातो. भारताच्या राष्ट्रीय धोरणात अशी संख्येची व्याख्या न करता आजारांची यादीच दिलेली आहे. असे सात ते आठ हजार आजार ज्ञात असून त्यांतील सुमारे ८० टक्के आनुवंशिक आहेत. निम्म्याच्या आसपास नवे रुग्ण लहान मुले असतात.

ही आकडेवारी आपल्या घरापाशी आणून पाहावी. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार होती. दहा हजारांत एकाला होणारा आजार घेतला, तर गोव्यात त्याचे सुमारे १४५ रुग्ण असतील. लाखात एकाला होणारा असेल, तर चौदा-पंधरा. दहा लाखांत एकाला होणारा असेल, तर एक किंवा दोन. यातले काही निदान होण्यापूर्वीच दगावतात, काहींना भलत्याच आजाराची औषधे चालू असतात. म्हणजे प्रत्यक्षात ज्याला आपल्या आजाराचे नाव ठाऊक आहे, असा रुग्ण साऱ्या राज्यात एकटाच असू शकतो.

गोवा लहान म्हणून असे घडते, असेही नाही. ग्वाल्हेर जिल्ह्याची लोकसंख्या त्याच जनगणनेत २० लाख ३२ हजार होती. जुने ग्वाल्हेर, लष्कर आणि मुरार या तीन वस्त्यांचे मिळून ते शहर झाले. शिंदेशाहीपासून तेथे मराठी कुटुंबे वसली आहेत. मुरारमध्ये राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबात असा आजार निघाला, तर त्याची स्थिती फोंड्याच्या किंवा काणकोणच्या कुटुंबाहून वेगळी नसते. शहरात गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय व जयारोग्य रुग्णालय आहे, जसे आपल्याकडे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु लाखात एकाला होणाऱ्या आजाराचे तेथेही विसाच्या आसपासच रुग्ण असणार, आणि ते एकमेकांना ओळखत नसणार.

कैवाऱ्याच्या कामाचे मर्म येथेच आहे. एकटा रुग्ण सरकारच्या हिशेबात येत नाही, औषध कंपनीच्या हिशेबात तर मुळीच येत नाही. विखुरलेल्या एकट्यांची मोजता येईल अशी संख्या करणे, हे त्याचे पहिले आणि शेवटचेही काम.

आधी कोणी केले?

अमेरिकेत अ‍ॅबी मेयर्स या गृहिणीच्या मुलाला टुरेट हा मज्जासंस्थेचा आजार होता. त्याला गुण देणाऱ्या औषधाचे काम कंपनीने थांबवले, कारण गिऱ्हाईक थोडे होते. मेयर्स यांनी निरनिराळ्या दुर्मिळ आजारांच्या कुटुंबांना एकत्र आणले. त्या दबावातून ४ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेत ‘ऑर्फन ड्रग’ कायदा झाला. पोरक्या आजारांवर औषध शोधणाऱ्या कंपनीला त्यात सात वर्षांचा विक्रीचा एकाधिकार आणि करसवलती मिळाल्या. त्याच वर्षी ‘नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर रेअर डिसऑर्डर्स’ ही संस्थाही उभी राहिली.

योगायोग असा की, भारतात हिमोफिलिया फेडरेशनची स्थापनाही १९८३ मध्येच झाली. संस्थापक अशोक वर्मा यांना स्वतःलाच हिमोफिलिया होता. रक्त न गोठण्याच्या या आजारात लागणारे ‘फॅक्टर’ परदेशातून आणावे लागत आणि ते सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. १९९२ मध्ये हिमाचल प्रदेशातील सोलन या लहानशा शहरात ‘इंडियन असोसिएशन ऑफ मस्क्युलर डिस्ट्रॉफी’ सुरू झाली. स्नायू क्षीण करणाऱ्या याच आजाराने ग्रासलेल्या संजना गोयल तिच्या संस्थापकांपैकी एक. असे काम महानगरातच उभे राहते, हा समज या उदाहरणाने खोडून निघतो.

बंगळूरचे प्रसन्न शिरोळ यांच्या मुलीला पॉम्पे हा आजार होता. पेशींत साठलेले ग्लायकोजेन मोडणारे विकर शरीरात तयार होत नसल्याने या आजारात स्नायू, प्रसंगी हृदय व श्वसनही दुबळे होत जाते. भारतात या आजाराचे निदान झालेली ती पहिली रुग्ण मानली जाते, आणि ते निदान होईपर्यंत सुमारे सात वर्षे गेली होती. २०१४ मध्ये शिरोळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ऑर्गनायझेशन फॉर रेअर डिसीजेस इंडिया’ ही सर्वच दुर्मिळ आजारांची संस्था स्थापन केली. ‘रेस फॉर सेव्हन’ ही त्यांची दरवर्षीची दौड प्रसिद्ध आहे. सात हजार आजार आणि निदानासाठी लागणारी सरासरी सात वर्षे यांची आठवण त्या नावात आहे. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, झालेल्या मुलांच्या पालकांनीही २०१४ मध्येच ‘क्युअर एसएमए फाउंडेशन ऑफ इंडिया’ ही संस्था सुरू केली.

पहिली पायरी : निदान आणि कागद

कैवाराची सुरुवात मोर्चाने होत नाही, फाईलीने होते. रुग्णाच्या जन्मापासूनची कागदपत्रे तारखेनुसार लावावीत. रुग्णालयातून घरी सोडतानाचे सारांश, विकराच्या तपासणीचे अहवाल, जनुकीय चाचणीचा पूर्ण अहवाल आणि आजवर दिलेल्या औषधांची नोंद त्यात असावी. या सर्वांचा एक पानाचा सारांश स्वतंत्र करावा. नव्या डॉक्टरांना किंवा अधिकाऱ्याला दोनशे पाने वाचण्यास सवड नसते. एक पान ते वाचतात.

निदान ‘संशयित’ आहे की ‘निश्चित’, हे स्पष्ट असणे अत्यावश्यक आहे. मदतीच्या बहुतेक साऱ्या वाटा निश्चित निदानापासून सुरू होतात. जनुकीय तपासणी व समुपदेशनासाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये ‘उम्मीद’ हा उपक्रम सुरू केला आणि त्याअंतर्गत निवडक सरकारी रुग्णालयांत ‘निदान केंद्रे’ उघडली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ पासून दुर्मिळ व आनुवंशिक आजारांची राष्ट्रीय नोंदवही ठेवण्यास आरंभ केला आहे. आपल्या रुग्णाची नोंद त्यात जाते की नाही, हे उपचार करणाऱ्या केंद्रात आवर्जून विचारावे. नोंद झाली नाही तर तो रुग्ण देशाच्या लेखी नसल्यासारखाच.

वंशावळ आणि दोषारोप

आनुवंशिक आजाराचा रुग्ण एकटा असला तरी आजार एकट्याचा नसतो. मुरारमधील कुटुंबाची एक शाखा पुण्यात, दुसरी इंदुरात आणि माहेरची नाती गोव्यात, असे चित्र मराठी घरांत नवीन नाही. समुपदेशक तीन पिढ्यांची वंशावळ काढतात, तेव्हा अकाली दगावलेली मुले, वारंवार झालेले गर्भपात, ‘अशक्तपणाने गेलेला’ काका यांचे दुवे जुळू लागतात. दूरच्या शाखेतील एखाद्या तरुण जोडप्याला वेळेत तपासणी करून घेता येते.

या ठिकाणी कैवाऱ्याला घरातच लढावे लागते. अनेक आजार अप्रभावी जनुकांमुळे होतात. त्यांत आई व वडील दोघेही वाहक असतात आणि प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. एक मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुखरूप, असा त्याचा अर्थ नाही. शक्यता प्रत्येक वेळी तेवढीच राहते. मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी विवाहाची चाल असलेल्या कुटुंबांत दोघेही एकाच दोषाचे वाहक असण्याचा संभव वाढतो. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी किंवा हिमोफिलियासारखे आजार एक्स गुणसूत्रावरून येतात आणि मुख्यतः मुलग्यांत दिसतात. ते आईकडून आले म्हणून सुनेला दोष देणारी घरे आजही आहेत. वस्तुतः ड्युशेनच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत जनुकीय दोष नव्यानेच उद्भवलेला असतो. अप्रभावी आजारांत तर दोन्ही घराण्यांचा वाटा समसमान असतो. हे चार वाक्यांत समजावून सांगता येणे, हाही कैवारच आहे.

पुढील गर्भारपणात गर्भजल किंवा अपरेच्या पेशींवरून तपासणी करता येते. गर्भलिंगनिदानावर १९९४ च्या कायद्याने बंदी असली, तरी मान्यताप्राप्त केंद्रात आनुवंशिक आजारांची तपासणी करण्यास तोच कायदा परवानगी देतो. गर्भात गंभीर व्यंग आढळल्यास २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या मताने गर्भपात करता येतो, अशी तरतूद २०२१ च्या दुरुस्तीने झाली आहे. निर्णय मात्र त्या दांपत्याचाच असतो. कैवाऱ्याने माहिती द्यावी, कौल देऊ नये.

राष्ट्रीय धोरण काय देते?

केंद्र सरकारने ३० मार्च २०२१ रोजी दुर्मिळ आजारांविषयीचे राष्ट्रीय धोरण मंजूर केले. त्यात आजारांचे तीन गट आहेत. पहिल्या गटात एकदाच करावयाच्या उपचाराने बरे होऊ शकणारे आजार येतात, उदाहरणार्थ मूलपेशींचे किंवा यकृताचे प्रत्यारोपण लागणारे. दुसऱ्या गटात दीर्घकाळ किंवा जन्मभर, पण तुलनेने कमी खर्चाचे उपचार लागणारे आजार आहेत. फिनाइलकीटोन्युरियासारख्या आजारात विशिष्ट आहारावर मूल निरोगी वाढू शकते. तिसऱ्या गटात उपचार उपलब्ध आहे, पण तो अतिशय महाग आणि बहुधा जन्मभराचा, असे आजार आहेत. गॉशर, पॉम्पे, एसएमए हे त्यातलेच.

आरंभी आर्थिक साहाय्य केवळ पहिल्या गटाला व २० लाख रुपयांपर्यंत होते. मे २०२२ मध्ये त्यात बदल होऊन कोणत्याही गटातील रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याचे ठरले. ही रक्कम कुटुंबाच्या हाती न येता उपचार करणाऱ्या ‘सेंटर ऑफ एक्सलन्स’कडे, म्हणजे उत्कृष्टता केंद्राकडे जाते. म्हणून रुग्णाची नोंदणी अशा केंद्रात असणे ही पहिली अट ठरते. धोरणातील आजारांची यादी वाढत जाऊन साठांच्या वर गेली आहे. आपला आजार तीत आहे काय, हे आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहावे.

२०२१ मधील पहिल्या यादीत आठ केंद्रे होती. दोन दिल्लीत आणि प्रत्येकी एक लखनौ, चंडीगड, हैदराबाद, मुंबई, कोलकाता व बंगळूर येथे. त्या यादीत ना गोवा होता, ना मध्य प्रदेश. पुढे केंद्रांची संख्या वाढविण्यात आली, तरी तत्त्व तेच राहिले : मुरारच्या रुग्णाने सव्वातीनशे किलोमीटरवरचे दिल्ली गाठायचे, गोव्याच्या रुग्णाने मुंबईचे केईएम किंवा बंगळूर. दर पंधरा दिवसांनी शिरेतून औषध घ्यावे लागणाऱ्या मुलाच्या कुटुंबाला याचा अर्थ नोकरी, शाळा आणि घरखर्च या तिहींवर पाणी सोडणे असा होऊ शकतो. ठरलेले औषध केंद्राच्या देखरेखीखाली जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात देण्याची व्यवस्था व्हावी, ही मागणी म्हणूनच महत्त्वाची आहे आणि ती स्थानिक कैवाऱ्यानेच लावून धरायची असते.

राज्याच्या योजना यापासून वेगळ्या आहेत. गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक जणांच्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे संरक्षण आहे. त्यासाठी पाच वर्षांचे वास्तव्य लागते. गोमेकॉत उपलब्ध नसलेल्या उपचारांसाठी मेडिक्लेम योजना आहे. जन्मभराच्या औषधाला या रकमा अपुऱ्या पडतात, परंतु निदान, शस्त्रक्रिया व प्रवासपूर्व तपासण्यांचा भार त्यातून हलका होऊ शकतो.

फारशा ठाऊक नसलेल्या सवलती

परदेशातून आणलेल्या औषधावरील मूलभूत सीमाशुल्क हा मोठा बोजा असे. १ एप्रिल २०२३ पासून धोरणाच्या यादीतील आजारांसाठी व्यक्तिगत वापराकरिता आयात केलेली औषधे व विशेष वैद्यकीय आहार यांना त्यातून पूर्ण सूट मिळाली. यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या आरोग्य सेवा संचालकांचे, अथवा जिल्हा वैद्यकीय अधिकारी वा सिव्हिल सर्जन यांचे प्रमाणपत्र लागते. हे प्रमाणपत्र वेळेत मिळवून देणे, एवढे एकच काम एखाद्या कैवाऱ्याने अंगावर घेतले तरी ते मोलाचे आहे.

दुसरी वाट दिव्यांगांच्या हक्कांची. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची दिव्यांगता मान्य होती. २०१६ च्या कायद्याने ती २१ प्रकारांपर्यंत वाढवली आणि त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, मल्टिपल स्क्लेरोसिस यांचा समावेश झाला. प्रमाणपत्र व ओळखपत्र मिळाल्यास शिष्यवृत्ती, प्रवास, परीक्षेत अधिक वेळ, आयकरातील वजावट अशा सोयी खुल्या होतात. आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगता असावी लागते.

पत्र कसे लिहावे?

‘माझ्या मुलाला वाचवा’ या आशयाचे पत्र वाचणाऱ्याला कळवळा येतो. पण कळवळ्यावर टिपणी लिहिता येत नाही. अधिकाऱ्याच्या हाती निश्चित मागणी द्यावी लागते. अमुक आजाराचे राज्यात इतके निश्चित निदान झालेले रुग्ण आहेत, त्यांना अमुक तपासणीसाठी राज्याबाहेर जावे लागते, ती सोय येथे केल्यास खर्च इतका येईल आणि अमुक योजनेच्या अमुक कलमाखाली तो करता येईल, असे पत्र फाईलीत पुढे सरकते. पत्राची पोच घ्यावी, जावक क्रमांक टिपून ठेवावा आणि महिन्याने पुन्हा विचारणा करावी.

उत्तर न आल्यास माहितीचा अधिकार आहे. २००५ च्या कायद्यानुसार सामान्यतः ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. व्यक्तीच्या जीविताशी निगडित माहिती ४८ तासांत देण्याची तरतूद त्यात आहे. किती रुग्णांनी अर्ज केले, किती मंजूर झाले, किती निधी वापरला गेला, हे प्रश्न विचारावेत. चाळीस आमदारांच्या आपल्या राज्यात लोकप्रतिनिधीला भेटणे तुलनेने सोपे आहे. विधानसभेत विचारलेल्या एका तारांकित प्रश्नाने जे आकडे बाहेर येतात, ते वर्षभराच्या खेपांनीही हाती लागत नाहीत.

न्यायालयाची वाट

आज असलेले धोरण सहजासहजी आलेले नाही. दिल्लीतील एका रिक्षाचालकाच्या मुलाला गॉशर होता. त्याची भावंडे त्याच आजाराने गेली होती. १७ एप्रिल २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने, पैशाअभावी उपचार नाकारता येणार नाहीत, अशी भूमिका घेत त्याला मोफत उपचार देण्याचा आदेश राज्य शासनाला दिला. जीविताच्या हक्कात आरोग्याचा हक्क अंतर्भूत आहे, हा त्याचा पाया होता. २०१७ मध्ये पहिले राष्ट्रीय धोरण आखले गेले, पण २०१८ च्या अखेरीस ते स्थगित ठेवले गेले. पालकांच्या याचिकांवर दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये मुदत घालून दिल्यावर सध्याचे धोरण आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने दुर्मिळ आजारांसाठी राष्ट्रीय निधी उभारण्याचा आणि दोन आर्थिक वर्षांसाठी ९७४ कोटी रुपयांच्या तरतुदीचा आदेश दिला. पन्नास लाखांच्या मर्यादेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. ही मर्यादा संपल्यावर ज्या मुलांचे औषध थांबते, त्यांच्यासाठी तो प्रश्न जगण्या-मरण्याचा आहे.

गोव्यात पर्वरीला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे आणि ग्वाल्हेरला मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, बालके व दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लागता मोफत विधिसाहाय्य मिळू शकते. याचिका हा मात्र शेवटचा उपाय समजावा. त्यापूर्वीचा पत्रव्यवहार जितका नेटका, तितकी ती भक्कम होते.

औषधाची किंमत बदलते

किंमत हे विधिलिखित नव्हे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने भारतीय कंपन्यांनी तयार केलेल्या काही औषधांची माहिती जाहीर केली. टायरोसिनेमिया प्रकार एक या आजाराच्या नायटिसिनोन औषधाचा वर्षाचा खर्च सुमारे २ कोटी २० लाखांवरून अडीच लाखांवर आला. गॉशरवरील एलिग्लुस्टॅटचा खर्च कोटींतून तीन ते सहा लाखांवर उतरला. एसएमएवरील रिसडिप्लाम या औषधाच्या एका बाटलीची किंमत सुमारे सहा लाख होती. पेटंटच्या वादात न्यायालयाने वाट मोकळी केल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय कंपनीने ते १५,९०० रुपयांना बाजारात आणले. रुग्णांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी किमतीचा हा प्रश्न अनेक वर्षे सरकारपुढे व न्यायालयांत धरून ठेवला होता.

लोकवर्गणी आणि तिची पथ्ये

२०२१ च्या प्रारंभी मुंबईतील एका पाच महिन्यांच्या मुलीसाठी १६ कोटी रुपयांच्या औषधाची वर्गणी लोकांनी जमवून दिली आणि केंद्राने सुमारे सहा कोटींचे कर माफ केले. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडमधील एका बालिकेसाठीही तेवढीच रक्कम उभी राहिली, औषधही मिळाले. पण दीड-दोन महिन्यांतच, १ ऑगस्टला, ती गेली. या दोन घटनांतून समाजाची उदारता दिसते आणि तिच्या मर्यादाही. बातमीत आलेल्या एका मुलामागे बातमीत न आलेली अनेक असतात. त्यांच्यासाठी वर्गणी पुरी पडत नाही, धोरणच लागते.

वर्गणी करावयाची झाल्यास रुग्णालयाचे अंदाजपत्रक जाहीर करावे, पैसे शक्यतो रुग्णालयाच्या किंवा न्यासाच्या खात्यात घ्यावेत आणि उरलेल्या रकमेचे काय होणार, हे आधीच सांगावे. केंद्र सरकारनेही उत्कृष्टता केंद्रांतील रुग्णांना देणगी देण्यासाठी स्वतंत्र संकेतस्थळ चालू केले आहे. मुलाचे छायाचित्र व आजार एकदा सर्वत्र पसरला की परत घेता येत नाही. ते मूल मोठे होणार आहे, याचे भान ठेवावे.

संस्था काढावी काय?

आपल्या आजाराची राष्ट्रीय संस्था असेल, तर नवी काढण्याऐवजी तिची राज्यशाखा होणे बहुधा श्रेयस्कर. आजार अतिदुर्मिळ असल्यास सर्व दुर्मिळ आजारांचा एकच राज्यगट करावा. आजार निराळे असले, तरी प्रमाणपत्र, प्रवास, शाळा आणि फिजिओथेरपी यांचे प्रश्न सारखेच असतात. सोसायटी नोंदवण्यासाठी किमान सात सभासद लागतात. परदेशी देणगी घ्यायची असल्यास परदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी अनिवार्य आहे.

औषध कंपन्या रुग्णसंघटनांना अर्थसाहाय्य देतात. ते घ्यावे की न घ्यावे, हा ज्या त्या संस्थेचा प्रश्न. पण घेतल्यास ते जाहीर करावे. अन्यथा औषधाच्या किमतीविषयी बोलण्याचा नैतिक अधिकार राहत नाही. चमत्काराने बरे करण्याचा दावा करणाऱ्यांपासून कुटुंबांना सावध करणे, हेही कर्तव्यच. मूलपेशींच्या नावाखाली अप्रमाणित उपचार विकणारे आशेचाच व्यापार करतात.

औषध नसते तेव्हा

सुमारे ९५ टक्के दुर्मिळ आजारांवर मान्यताप्राप्त औषध नाही. तेथे कैवाऱ्याचे काम संपत नाही. शाळेत उतरंड आणि तळमजल्यावरचा वर्ग, वेळेवर मिळालेली चाकांची खुर्ची, श्वासासाठी घरी वापरायचे यंत्र, वेदना कमी करणारी परिहार सेवा, रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या आईला आठवड्यातून चार तासांची विश्रांती, या गोष्टींनी आयुष्याची लांबी नेहमी वाढत नाही. पण ते आयुष्य सुसह्य होते. कैवारी बहुधा स्वतःच शुश्रूषा करणारा असतो. काम वाटून न घेतल्यास तो थकतो, आणि त्याच्या जाण्याने गटही विस्कटतो.

गोव्यापुढचा प्रश्न

२००८ मध्ये सरकारी रुग्णालयांत जन्मणाऱ्या बाळांच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन चयापचयाच्या अनेक आजारांची सार्वत्रिक तपासणी करण्याचा कार्यक्रम गोव्याने हाती घेतला. देशात या बाबतीत गोवा अग्रेसर होता. काही वर्षांनी तो कार्यक्रम खंडित झाला. या तपासणीचे मोल असे की, काही आजारांत पहिल्या आठवड्यांत आहार किंवा औषध सुरू झाल्यास मूल सर्वसामान्यांसारखे वाढते. लक्षणे दिसेपर्यंत थांबल्यास मेंदूची हानी भरून येत नाही. नवजात तपासणी नियमित, अखंड व सर्व बाळांसाठी असावी, ही मागणी गोव्यातील कोणत्याही रुग्णगटाने पहिल्या पत्रात लिहावी अशी आहे.

फेब्रुवारीचा शेवटचा दिवस २००८ पासून जगभर दुर्मिळ आजार दिन म्हणून पाळला जातो. पहिला दिन २९ फेब्रुवारीला, म्हणजे चार वर्षांतून एकदा येणाऱ्या तारखेला पाळला गेला. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने दुर्मिळ आजारांना जागतिक प्राधान्य देणारा ठराव संमत केला. असे ठराव जिनिव्हात होतात. त्यांचा उपयोग बांबोळीत आणि मुरारमध्ये व्हायचा, तर तेथे कोणी तरी रुग्णांची यादी हातात घेऊन उभे असावे लागते. यादीत सुरुवातीला एकच नाव असले तरी चालते.